पोथी कोणी सुधारावी?

आमच्या चिकलठाण्यात आज कोणी नवा माणूस आला, तर त्याला गाव लवकर सापडत नाही. छत्रपती संभाजीनगरातून जालना रस्त्याने पूर्वेकडे निघावे, तर एकीकडे कारखान्यांच्या भिंती आणि दुसरीकडे विमानतळाचे कुंपण. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, त्यानंतर इकडे वसाहत उभी राहिली आणि चिकलठाणा म्हणजे एम.आय.डी.सी. किंवा विमानतळ असे समीकरण होऊन बसले. गाव मात्र जागचे हललेले नाही. तिथेच माझे बिऱ्हाड आहे.

गेल्या पावसाळ्यात शेजारचा दहावीतला मुलगा वही घेऊन आला. शाळेने 'माझे गाव' या विषयावर प्रकल्प लिहायला सांगितला होता. त्याने मोबाइलवर शोधून पहिले वाक्य लिहूनही टाकले होते : चिकलठाणा म्हणजे चिखलाचे ठाणे. मी विचारले, "हे कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "काका, तिथं लिहिलेलंच आहे." "कुणी लिहिलं?" यावर तो हसला. "तिथं सगळेच लिहितात."

त्याचे वडील उंबऱ्यात उभे होते. शेतकरी माणूस; जमीन बरीचशी गेली, थोडी राहिली. ते म्हणाले, "अहो गुरुजी, ज्याला वाटंल त्यानं लिहायचं म्हणल्यावर, चुकलं तर धरायचं कुणाला?"

वाचकहो, हा प्रश्न मी त्या दिवसापासून मनात घोळवीत आहे. चिखलाचे ठाणे ही व्युत्पत्ती कानाला पटते, यात शंका नाही. सोलापूर जिल्ह्यात करमाळ्याकडे चिखलठाण नावाचे गाव आहे, तिथे तर 'ख' सुद्धा धडधडीत आहे. पण कानाला पटणे हा काही पुरावा नव्हे. गावांच्या नावांवर आपल्याकडे जितक्या कथा रचल्या गेल्या, तितक्या गावांवरही रचल्या गेल्या नसतील! तेव्हा नावाचा निकाल तूर्त बाजूला ठेवू. ज्ञानाची पोथी सर्वांसाठी उघडी ठेवली, तर तिच्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा त्या बापाचा प्रश्न. मोबाइल आला म्हणून तो निर्माण झाला असे समजण्याचे कारण नाही. आमच्या गावापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, पैठणला, तो सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका फार मोठ्या माणसाच्या पुढ्यात येऊन पडला होता.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशाला सांगून झाली. संत एकनाथांनी ती शोधून शुद्ध केली शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली. मध्ये गेली २९४ वर्षे. या काळात छापखाना नाही. ज्याला ग्रंथ हवा, त्याने दुसऱ्याची पोथी मागून आणावयाची, बोरू टोकरावयाचा आणि नऊ हजार ओव्या उतरून घ्यावयाच्या. आता नऊ हजार ओव्या लिहिताना माणसाचे काय काय होते, ते पाहा. एखादी ओळ डोळ्यांतून निसटते. जुना शब्द कळत नाही, तेव्हा लेखनिक त्या जागी आपल्या बोलीतला ओळखीचा शब्द बसवितो. त्याला वाटते, आधीच्यानेच चूक केली असावी. कोणी समासात टीप लिहून ठेवतो, पुढचा नकलाकार ती टीप ओवीतच ओढून घेतो. आणि एखादा भाविक कीर्तनकार, प्रेमाच्या भरात, आपली एक ओवी मध्ये घालून देतो. यांपैकी कोणीही दुष्ट नव्हता. ज्ञानेश्वरी हा ग्रंथ तीनशे वर्षे, आजच्या भाषेत सांगायचे तर, सर्वांना संपादनासाठी खुला होता आणि त्यामुळेच तो गावोगाव पोचलाही होता. संस्कृताची कवाडे ज्यांना बंद होती, त्यांच्या घरी गीतेचा अर्थ त्यामुळे गेला. हे विसरून चालणार नाही.

नाथांनी पोथ्या मिळविल्या, ताडून पाहिल्या आणि एक शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी तो बिघडला, म्हणून हे काम केले, असे त्यांनी शेवटी नोंदवून ठेवले आहे. पुढे कोणी आपल्या पदरची ओवी यात घालील, तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल, अशा अर्थाची ताकीदही दिली आहे. म्हणजे उघडी पोथी नाथांनी बंद केली. आज घराघरांत जे पारायण होते, ते बहुतांशी त्यांच्या या श्रमावर उभे आहे.

नाथांविषयी मनात संपूर्ण आदर ठेवून एक शंका मात्र विचारावीशी वाटते. त्यांनी काय काय काढून टाकले? कोणत्या ओवीचे किती पाठ त्यांच्यासमोर होते आणि त्यांतला हाच एक त्यांना खरा का वाटला? याची यादी त्यांनी ठेवलेली नाही. त्या काळी ती ठेवण्याची रीतच नव्हती, तेव्हा दोष देण्याचा प्रश्न नाही. पण परिणाम असा झाला, की नाथांचा निर्णय आपल्याकडे आहे आणि त्या निर्णयामागची कागदपत्रे नाहीत.

ही उणीव किती बोचते, ते पुढे दिसले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडकडील पाटांगण येथे ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या आधीची आहे असे त्यांचे मत पडले आणि १९०९ साली त्यांनी ती छापून काढली. विद्वानांत मोठा वाद झाला. पोथी खरोखर किती जुनी? अक्षर कोणत्या काळाचे? कागद कसला? हे सारे मूळ पोथी डोळ्यांखाली घातल्याशिवाय ठरण्यासारखे नव्हते आणि ती पोथी तर पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. राजवाड्यांसारख्या माणसाने, ज्याने आयुष्यभर अस्सल कागदाचा आग्रह धरला, त्याच्या या एका कामात नेमका अस्सल कागदच नाहीसा व्हावा, याची मला नेहमी हळहळ वाटते.

याच्या अगदी उलट उदाहरण पुण्याचे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला. १९२५ पासून डॉ. वि. स. सुखठणकर प्रमुख संपादक झाले, १९४३ साली ते वारले, इतरांनी काम पुढे नेले आणि १९६६ साली ते पुरे झाले. सुमारे १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. या आवृत्तीचे पान कधी उघडून पाहा. वर श्लोकाच्या चार ओळी आणि खाली अर्धे पान बारीक टाइपातल्या टिपा! काश्मीरच्या पोथीत असे आहे, मलयाळी पोथीत तसे आहे, अमुक प्रतीत हे दोन श्लोक जास्त आहेत. सामान्य वाचकाला ते अर्धे पान म्हणजे कटकट वाटते. पण संपादकाने जे नाकारले, ते सगळे तिथे आपल्यासमोर मांडलेले असते. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर तुम्हाआम्हाला त्याच्याशी भांडता येते. "धरायचं कुणाला?" या प्रश्नाचे एक उत्तर मला त्या तळटिपांत दिसले. माणूस धरण्यापेक्षा त्याने कुठे काय बदलले, ते धरता यावे.

आता ज्ञानकोशांकडे वळू. मराठीत सर्व विषयांचा कोश करण्याचे वेड प्रथम घेतले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. मिळवून ते १९१२ साली परत आले. पैसा नाही, राजाश्रय नाही. मग त्यांनी काय करावे? नागपुरात एक मर्यादित भांडवलाची कंपनी काढली. कापडगिरणीचे भाग विकावेत तसे ज्ञानाचे भाग विकले! पुढे बिऱ्हाड पुण्याला हलले. वर्गणीदार जमविण्यासाठी गावोगाव माणसे फिरली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे राहिले. त्यांतले पहिले पाच नुसते प्रस्तावनेचे. 'वेदविद्या', 'विज्ञानेतिहास' अशी त्यांची नावे आहेत. हाताशी य. रा. दाते, चिं. ग. कर्वे यांच्यासारखी मोजकी माणसे. आणि हीच माणसे नंतर महाराष्ट्र शब्दकोशाच्या कामाला लागली. खरे सांगायचे, तर ज्ञानकोशातल्या काही नोंदी वाचताना विषयापेक्षा केतकरच जास्त भेटतात. त्यांची मते ठाम, काही आज मुळीच न पटणारी. पण ती केतकरांची आहेत हे ठाऊक असल्यामुळे वाचक सावध राहतो.

केतकर १९३७ साली गेले. त्या कोशाचे खंड आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना फुकट वाचण्यासाठी ठेवले आहेत. आमच्या दहावीतल्या मुलाला ते खिशातल्या यंत्रावर उघडता येतात. त्याच्या पणजोबाला ते कितपत मिळाले असते?

चिकलठाणा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दूतून शिकवू लागले. त्यासाठी शास्त्राचे ग्रंथ भाषांतरित करणारे मोठे खातेच, दारुल तर्जुमा, काढलेले होते. देशी भाषेतून आधुनिक विद्या शिकविण्याचा तो प्रयत्न मोठा होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र ज्याच्या घरात मराठी, त्याला इंग्रजीची एक भिंत होतीच, तिच्यापुढे उर्दूची दुसरी. गावकुसाबाहेरच्या माणसाला तर या दोन्हींच्या आधी शाळेच्या ओसरीचीच भिंत होती. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. हैदराबाद राज्याने १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, म्हणजे महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याच्याही बारा वर्षे आधी. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले. हा क्रम मी मुद्दाम सांगतो, कारण ज्ञान उपलब्ध आहे असे म्हणताना आपण पुष्कळदा एवढेच पाहतो की ते छापले गेले आहे.

माझ्या तरुणपणचा प्रसंग आहे. एका वाचनालयात मी ज्ञानकोशाचा खंड पाहायला गेलो. खंड होते. काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले, पाठीवर सोनेरी अक्षरे. कपाटाला कुलूप होते. किल्ली ज्या गृहस्थांकडे, ते रजेवर. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा ते आले होते, पण किल्ली घरी राहिली होती! तिसऱ्या खेपेला कपाट उघडले आणि मला हवा होता तोच खंड कोणी तरी नेलेला निघाला. मी बराच वेळ काचेतून बाकीच्या खंडांच्या पाठी वाचीत उभा राहिलो.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० च्या अखेरीस साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष. मराठी विश्वकोशाचे काम वाईला, कृष्णेकाठी, सुरू झाले. तज्ज्ञाने नोंद लिहावयाची, संपादकाने तपासावयाची आणि शेवटी लेखकाचे नाव द्यावयाचे, अशी शिस्त. आमच्या शेजाऱ्याला हा कोश आवडला असता. चूक झाली तर धरायला नाव आहे! पहिला खंड १९७६ साली निघाला. शास्त्रीबुवा १९९४ साली निवर्तले. विसावा खंड पुरा व्हायला २०१५ उजाडले. एकोणचाळीस वर्षे!

यात कोणाच्या आळसाचा प्रश्न नाही. काळजीपूर्वक केलेले काम असेच चालते. पण मधल्या काळात जग थांबत नाही. 'अ' चा खंड निघाला, तेव्हा आपला पहिला उपग्रह आर्यभट आकाशात जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. अखेरचा खंड निघाला, तेव्हा मंगळयान मंगळाभोवती फिरत होते. आमच्या शहराचेच घ्या. मलिक अंबरने १६१० साली वसविले तेव्हा खडकी, मग फतेहनगर, औरंगजेबाच्या सुभेदारीत १६५३ पासून औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. छापील कोशात हे शहर 'औ' मध्ये, म्हणजे आरंभीच्या खंडांतच येऊन गेले. आता त्याने 'छ' मध्ये बिऱ्हाड केले आहे. छापून झालेल्या खंडातून शहर उचलून दुसऱ्या खंडात कसे ठेवणार? म्हणूनच विश्वकोशही आता संगणकावर सर्वांसाठी खुला झाला आहे आणि नोंदी अद्ययावत करण्यासाठी निरनिराळ्या संस्थांत ज्ञानमंडळे नेमली गेली आहेत.

दुसरी वाट अमेरिकेत सापडली, तीही चुकून. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा फुकट कोश काढला. तिथेही तज्ज्ञ होते. प्रत्येक लेख तपासणीच्या सात पायऱ्या चढून जायचा. पहिल्या वर्षात वीसेक लेख जेमतेम त्या जिन्यावरून वर पोचले. तेव्हा कच्चे लेख भराभर जमवावेत म्हणून जानेवारी २००१ मध्ये शेजारी एक उघडे अंगण करून दिले. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे सुधारावे. मूळ वाडा २००३ मध्ये बंद पडला आणि अंगण वाढतच गेले. त्याचे नाव विकिपीडिया. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनीच, सुरू झाला. आज त्यात सुमारे एक लाख लेख आहेत.

तर मग त्यावर विश्वास ठेवावा का? २००५ च्या डिसेंबरात 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकाने इंग्रजी विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतले विज्ञानाचे ४२ लेख, कोणता कोठला हे न सांगता, तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका, ब्रिटानिकाच्या लेखात तीन. ब्रिटानिकावाले अर्थातच रागावले, तपासणीची पद्धतच चुकीची म्हणाले; 'नेचर' आपल्या म्हणण्यावर कायम राहिले. मला त्या आकड्यात एवढेच विशेष वाटले, की शिस्तीच्या, पगारी, नामांकित कोशातही लेखामागे तीन चुका निघतात. आणि विकिपीडियाची बदनामी व्हावी असा प्रकारही त्याच वर्षी घडला. जॉन सीगनथेलर नावाच्या वृद्ध अमेरिकन पत्रकाराचा केनेडी बंधूंच्या खुनाशी संबंध होता, असा धादांत खोटा मजकूर कोणी तरी गंमत म्हणून त्यांच्या चरित्रात घातला आणि तो चार महिने तसाच राहिला. सीगनथेलर हे एके काळी रॉबर्ट केनेडींचे सहकारी होते. म्हाताऱ्या माणसाला काय वाटले असेल!

या कोशाची जी गोष्ट बहुतेक वाचक कधीच उघडून पाहत नाहीत, ती आता सांगतो. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर 'इतिहास' म्हणून एक खूण असते. तिच्यावर बोट ठेवले, की तो लेख पहिल्या दिवसापासून कोणी, कधी, कोणता शब्द बदलून कसा केला, ते सारे ओळीने दिसते. शेजारी 'चर्चा' नावाचे पान असते, तिथे भांडणे चालतात. कोठे आधार दिला नसेल, तर वाचक स्वतः 'संदर्भ हवा' अशी पाटी लावून जाऊ शकतो. म्हणजे पैठणला जी यादी राहून गेली आणि पुण्याच्या तळटिपांत जी मोठ्या कष्टाने ठेवली गेली, ती येथे यंत्र आपोआप ठेवते. सीगनथेलरांच्या लेखात खोटे कोणत्या दिवशी शिरले, ते याच नोंदीवरून सांगता आले.

मात्र नोंद असून भागत नाही, ती पाहणारे डोळे हवेत. इंग्रजीत ते पुष्कळ आहेत. लहान भाषांत काय होते, याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. २०२० साली उघड झाले, की स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियातले हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. शब्दकोशात शब्द पाहून इंग्रजीला तो स्कॉट्सचा वेष चढवीत असे. वाईट हेतू नाही, केवळ हौस. आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. क्रोएशियन भाषेत तर काही थोड्या मंडळींनी दहा-एक वर्षे सारा कारभारच हाती घेऊन इतिहास आपल्या राजकारणाला हवा तसा वाकविला. मराठी बोलणारे आठ कोटींवर. पण विकिपीडियावर नियमाने लिहिणारे आणि दुसऱ्याचे तपासणारे एवढे थोडे, की एखाद्या लहान गावाच्या लेखावर कोणी काही लिहून गेला, तर पुढचा माणूस तिकडे केव्हा फिरकेल हे सांगता येत नाही. आमच्या मुलाच्या वहीतल्या वाक्यासारखी वाक्ये अशाच ठिकाणी वर्षानुवर्षे टिकून राहतात.

याचे भय अधिक कोठे असेल, तर जिथे भावना गुंतलेल्या असतात तिथे. ज्यांचे नाव आमच्या शहराला मिळाले, त्या छत्रपती संभाजी महाराजांविषयी फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठी खळबळ झाली. इंग्रजी विकिपीडियावरील त्यांच्याबद्दलचा काही मजकूर आक्षेपार्ह आहे, तो काढावा, अशी नोटीस महाराष्ट्राच्या सायबर विभागाने धाडली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदविला. लोकांचा राग मी समजू शकतो. परंतु महाराजांची ती विपरीत प्रतिमा आली कोठून, हेही पाहिले पाहिजे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर १८११ च्या सुमारास लिहिली गेली. महाराजांचा वध १६८९ चा. म्हणजे मध्ये सुमारे सव्वाशे वर्षे. शिवाय चिटणीसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनी १६८१ साली देहान्त शासन दिलेले. अशा लेखणीतून जे उतरले, ते पुढे इतिहासग्रंथांत गेले, नाटककारांनी उचलले, शाळेच्या पुस्तकांतून मुलांनी पाठ केले. या बखरीवर लेखकाचे नाव होते, घराण्याची प्रतिष्ठा होती, ती छापलेली होती. धरायला माणूस होता. तरी दीडशे वर्षे कोणी धरले नाही.

धरले ते वा. सी. बेंद्र्यांनी. सुमारे चार दशके त्यांनी कागद गोळा केले. मोडी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रज, जिथे जे मिळेल ते. आणि १९६० साली महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले. बखरीतला बेफिकीर राजपुत्र मागे पडला आणि नऊ वर्षे औरंगजेबाशी झुंजणारा राजा कागदोपत्री उभा राहिला. बेंद्र्यांनी बखरी जाळा असे म्हटले नाही. त्यांनी बखर आणि अस्सल पत्र शेजारी शेजारी ठेवले. २०२५ च्या मजकुराबद्दल माझे मत विचाराल, तर तो पुसला म्हणून काही निकाल लागत नाही. ज्या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या आधाराने तसे लिहिले जाते, ती ग्रंथालयांत तशीच आहेत. बेंद्रे-गोखल्यांचे संशोधन त्याच पानावर, पृष्ठांकासह, किती मराठी माणसांनी नेऊन ठेवले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते काम कोणालाही करता येते. त्याला परवानगी लागत नाही. चार संध्याकाळी बसावे लागते, एवढेच.

मी त्या मुलाला हे सारे सांगितले नाही. सांगितले असते, तर तो पुन्हा आला नसता. मी एवढेच म्हटले, "घरात जुना कागद आहे का? गावाचं नाव कसं लिहिलंय ते पाहू." त्याच्या वडिलांनी पत्र्याची पेटी काढली. सातबारा निघाला, १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची नक्कल निघाली आणि तळाशी एक पिवळा पडलेला निजामी अमदानीतला कागद, उर्दूत. घरात कोणालाच तो वाचता येत नव्हता. तीन पिढ्या नुसता जपून ठेवलेला. आम्ही तो शहरात माझ्या ओळखीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेला. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट फिरवीत वाचले, "मौजा चिकलठाणा."

मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे 'ख' नाही! चिखल नाहीच!"

मास्तर हसले. "बेटा, उर्दूत 'क' चा 'ख' करायला पुढं एक दोन डोळ्यांची हे लिहावी लागते. कारकून घाईत असला, की ती राहून जाते. हा कागद मूळ नाही, नक्कल आहे. ज्यानं उतरवला, त्याच्या समोर काय होतं, ते कुणी पाहिलंय?"

परत येताना बापलेक बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. विमानतळ जवळ आला, तेव्हा वडिलांनी मान वळवून विचारले, "मग गुरुजी, पोरानं वहीत लिहायचं काय?" मुलाने आधीच वही उघडली होती. 'चिखलाचे ठाणे' या शब्दांवर त्याने काट मारली नव्हती. पुढे कंस करून बारीक अक्षरांत लिहिले होते : असे म्हणतात, संदर्भ हवा, आमच्या घरच्या उर्दू कागदात 'क' आहे, पण तो कागद नक्कल आहे.